सल्ला हवा: उकाड्यात अप्पांना 'गन्स एन रोझेस' ऐकवायचेत (महालक्ष्मी रेसकोर्स, १७ मे)

तिसरं_गेट (बेळगाव)

नमस्कार मंडळी,

१७ मे २०२५, शनिवारी मुंबईत महालक्ष्मी रेसकोर्सवर 'गन्स एन रोझेस' हा अमेरिकन रॉक बँड येतोय. डिसेंबर २०१२ मध्ये ते भारतात येऊन गेले तेव्हा मी शाळेत होते आणि अप्पांना रजा मिळाली नव्हती. यावेळी दोन तिकिटं काढलीत, उभं राहायची.

अप्पा ६१ वर्षांचे. उद्यमबागेत आधी लेथवर, मग फाउंड्रीत, मिळून ३४ वर्षं काढली. १९८८ साली कॅम्पातल्या एका मित्रानं त्यांना या बँडची कॅसेट भरून दिली होती. पहिला अल्बम येऊन वर्षच झालं होतं. कव्हरवर बॉलपेननं लिहिलेलं नाव आता पुसट झालंय, पण कॅसेट कपाटात आहे. अप्पा म्हणतात, "शब्द कळायचे नाहीत, पण हा माणूस मनापासून ओरडतोय एवढं कळायचं." आमच्या घरी सकाळी अभंग आणि रात्री ही कॅसेट, असंच माझं लहानपण गेलं.

अडचण अशी. उजवा गुडघा दुखतो. बीपीची गोळी चालू आहे. आणि मशीनच्या आवाजानं कान गेलेत. कुकरची शिट्टी ऐकू येत नाही, रात्री डाव्या कानात सूं सूं चालू असतं. डॉक्टरांनी कान जपायला सांगितलंय. अशा माणसाला तिथं न्यावं का? नेलं तर उभं कुठं करावं? मला वाटतं अगदी पुढं, स्टेजला चिकटून. त्यांनी एकदा तरी बँडचा गिटारवादक स्लॅशची बोटं गिटारवर चालताना डोळ्यांनी बघावीत. जायचं कसं, राहायचं कुठं, तेही सांगा.

खोली_नंबर_१४ (मूळ चंदगड, मुक्काम लालबाग)

नक्की आणा की अप्पांना.

हुबळी-दादर गाडी संध्याकाळी बेळगावात येते, दुसऱ्या दिवशी पहाटे दादरला सोडते. शुक्रवारी बसा, म्हणजे शनिवारचा दिवस विश्रांतीला मिळतो. स्लीपर कोच बसनं येऊ नका. वरच्या बर्थवर चढ-उतार करून गुडघा आदल्या रात्रीच धरेल. दादरहून चर्चगेटकडची स्लो लोकल घ्या. प्रभादेवी, लोअर परळ, महालक्ष्मी. फास्ट तिथं थांबत नाही. स्टेशनपासून रेसकोर्स चालत जाता येतं, पण मैदान अफाट आहे, गेटपासून आतपर्यंतची चालही धरा. परत येताना पहिला अर्धा-पाऊण तास गर्दी जाऊ द्या. ज्याला त्याला एकाच वेळी टॅक्सी हवी असते आणि मोबाईलचं नेटवर्क बसलेलं असतं.

राहायला तुमच्या गावची खोली असेल तर बघा. आमच्याकडच्या कितीतरी गावांनी गिरणीच्या काळात लालबाग-परळला खोल्या घेऊन ठेवल्यात, अजून चालू आहेत. तिथून रेसकोर्स जवळ.

भोंगा_ते_लाइनॲरे (निपाणी)

ताई, मी २२ वर्षं साउंडच्या धंद्यात आहे. जत्रा, नाटकं, लग्नं, सगळं केलंय. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

स्टेजला चिकटून उभं राहू नका. तुमची इच्छा समजते, पण पुढं आवाज चांगला नसतो. बेसचे, म्हणजे जाड खालच्या स्वरांचे मोठे स्पीकर (सब) स्टेजच्या पायथ्याशी जमिनीवर लावलेले असतात. पुढच्या रांगेत छातीत धडधड भरते आणि गाणाऱ्याचा आवाज त्यात हरवतो, कारण त्याचे स्पीकर उंच टांगलेले असतात आणि त्यांचा मारा मागच्या लोकांकडे असतो.

मैदानाच्या मधोमध, स्टेजपासून तीस-चाळीस मीटरवर एक तंबूवजा मचाण दिसेल. तिथं साउंड इंजिनीअर कन्सोल, म्हणजे आवाज कमी-जास्त करायच्या पट्ट्यांचं यंत्र घेऊन बसतो. सगळ्या मैदानाचा आवाज तो त्याच जागेवरून स्वतःच्या कानांनी जुळवतो. त्याला जे ऐकू येतं तेच तुम्हाला ऐकायला मिळावं असं वाटत असेल तर त्याच्या आसपास, स्टेजच्या मध्यरेषेवर जागा धरा. मचाणाभोवती लोखंडी कठडा असतो. कठड्याला पाठ किंवा कोपर टेकता येतं, पाठीमागून ढकलाढकली होत नाही. गुडघेदुखीच्या माणसाला यापेक्षा चांगली जागा सांगता येणार नाही. त्यासाठी गेट उघडताना नाही, पण कार्यक्रमाच्या तासभर आधी तरी पोचा.

फार मागंही जाऊ नका. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. शंभर मीटर मागं उभे राहिलात तर ड्रमवर काठी पडलेली आधी दिसते आणि ठोका पाव सेकंदापेक्षा उशिरा पोचतो. मागच्या लोकांसाठी मध्ये स्पीकरचे वेगळे टॉवर लावतात, त्यांचा आवाज मुद्दाम तेवढाच उशिरा सोडतात, म्हणजे दोन्ही एकत्र येतात. तरी डोळा आणि कान यांचा मेळ तिथं बसत नाही. अप्पा मशीनवरचे आहेत, त्यांना ते लगेच खटकेल.

बोटं बघायची असतील तर पडदे मोठे असतात. लहान दुर्बीण आत नेता आली तर उत्तम.

शांत_शिवार (बेळगाव, श्रवणतज्ज्ञ)

कानांबद्दल बोलते, कारण तुमच्या पोस्टमध्ये मला तेच सगळ्यात महत्त्वाचं वाटलं.

न्या, पण इअरप्लगशिवाय एक मिनिटही नाही. कमी ऐकू येणाऱ्या माणसाला मोठा आवाज सोसतो ही चुकीची समजूत आहे. मशीनच्या आवाजानं बिघडलेल्या कानाला बारीक आवाज ऐकू येत नाही, पण मोठा आवाज इतरांइतकाच, कधी जास्तच टोचतो.

हिशेब असा. ८५ डेसिबलला आठ तास ही कामाच्या जागची मर्यादा धरतात. पुढं दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. ८८ ला चार तास, ९१ ला दोन, असं करत १०० ला पंधरा मिनिटं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२२ मध्ये अशा कार्यक्रमांसाठी सरासरी १०० डेसिबलची मर्यादा सुचवली आहे. म्हणजे मर्यादा पाळूनसुद्धा दोन-अडीच तास उघड्या कानांनी ऐकणं जड आहे.

कापसाचे बोळे घालू नका, त्यानं फारसं काही अडत नाही. मेडिकलमधले फोमचे प्लग चालतात, पण ते वरचे स्वर जास्त कापतात. अप्पांचे वरचे स्वर आधीच गेलेत, त्यांना सगळं गोधडीतून ऐकल्यासारखं वाटेल आणि ते वैतागून प्लग काढून टाकतील. त्यांच्यासाठी वादकांचे फिल्टरवाले प्लग मागवा. ते सगळे स्वर साधारण सारखेच, पंधरा-वीस डेसिबलनं खाली आणतात. गाणं गाणंच राहतं. आठवडाभर आधी घरी घालून कॅसेट ऐकू द्या, सवय होते. फोमचा जोड खिशात जादा ठेवा. तो घालताना बारीक वळायचा, दुसऱ्या हातानं कान वर-मागं ओढायचा, आत सारून फुगेपर्यंत बोट धरून ठेवायचं. नुसता दडपला तर काही उपयोग नाही.

आणि तुमच्यासाठीही एक जोड घ्या. आपल्याकडे मिरवणुकीत डॉल्बीसमोर तासन्‌तास नाचलेली पंचविशीतली मुलं माझ्याकडे येतात. गेलेलं ऐकणं परत येत नाही, आणि ते त्यांना सांगताना मला फार वाईट वाटतं.

मलप्रभेकाठी (खानापूर)

पाणी! मी आईला बंगळूरला एका मोकळ्या मैदानावरच्या कार्यक्रमाला नेलं होतं. बाटल्या गेटवर काढून घेतल्या आणि आत पाण्याच्या एकाच स्टॉलवर इतकी रांग की अर्धा कार्यक्रम तिथंच गेला. आईला भोवळ आली. त्या दिवसाचा राग अजून आहे मला. आत शिरल्या शिरल्या पहिलं काम पाणी घेणं, गाणं नंतर. ओआरएसची पुडी खिशात ठेवा. बेळगावच्या हवेवर जाऊ नका, मुंबईत घाम वाळत नाही, त्यामुळे अंग गारच होत नाही. बीपीच्या काही गोळ्यांनी लघवी जास्त होते, अंगातलं पाणी कमी होतं. त्या दिवशी गोळी कधी घ्यायची ते डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

सुती सैल शर्ट, जुने सवयीचे बूट. वळीव आला तर छत्री आत नेऊ देत नाहीत, पातळ रेनकोट घडी करून ठेवा.

गिटार_अनगोळ

मी थोडा वेगळा विचार मांडतो. सुरुवातीची दोन गाणी तरी पुढं जाऊन बघा. पहिला गिटारचा सूर येतो तेव्हा पुढच्या लोकांचा जो हुंकार उठतो तो मागं कळत नाही. मग मचाणाकडे या.

भोंगा_ते_लाइनॲरे (निपाणी)

भावा, एकदा पुढं अडकलं की गर्दीतून मागं येणं तुला-मला जमेल, ६१ वर्षांच्या दुखऱ्या गुडघ्याला नाही. उलटं करा. शेवटच्या दोन गाण्यांना गर्दी सैल होते, तेव्हा जमेल तेवढं पुढं जा.

तिसरं_गेट (बेळगाव)

सगळ्यांचे मनापासून आभार. प्लग मागवले. अप्पा रोज संध्याकाळी घालून बसतात. काल म्हणाले, "फाउंड्रीत हे कुणी दिलं असतं तर."

मध्ये सीमेवरचा ताण वाढला, आयपीएल थांबवलं, तेव्हा चार दिवस धाकधूक होती. आता जातोय. दह्याच्या दशम्या आणि लालबागच्या खोलीवर द्यायला कुंदा बांधून घेतलाय.

तिसरं_गेट (बेळगाव), २० मे

परत आलो. लिहायला दोन दिवस लागले, कारण काय काय सांगू असं झालं होतं.

मचाणाच्या कठड्याला डाव्या बाजूनं जागा मिळाली. निपाणीच्या दादांनी सांगितलं तसंच. अप्पांनी टेकून सगळा कार्यक्रम ऐकला, मध्ये फक्त दोनदा खाली बसले. घामानं दोघं निथळत होतो. पाणी आधी घेतलं म्हणून निभावलं. प्लग त्यांनी एकदाही काढले नाहीत. मी एकदा काढून बघितले आणि लगेच परत घातले.

मला वाटलं होतं ते स्लॅशकडे बघत बसतील. बघितलं, पण निम्मा वेळ त्यांची नजर साउंड इंजिनीअरच्या हातांवर होती. एकेक पट्टी केसभर वर-खाली करणारी बोटं. मला म्हणाले, "बघ, माप घेताना मायक्रोमीटर असाच फिरवतात." ड्रमर या महिन्यातच त्यांच्याबरोबर वाजवायला लागलाय हे मी त्यांना सांगितलं. त्यावर बराच वेळ ऐकून म्हणाले, "नवा माणूस मशीनवर बसला की पहिले दिवस हात जपून चालवतो. हा जपत नाही."

शेवटी खरंच गर्दी सैल झाली. हात धरून पुढं गेलो. अगदी स्टेजपर्यंत नाही, पण पडद्याशिवाय माणसं दिसतील एवढं. अप्पा तिथं काही बोलले नाहीत. माझा हात मात्र धरूनच होते.

कानातलं सूं सूं आधी होतं तेवढंच आहे, वाढलेलं नाही. गुडघा एक दिवस दुखला.

आता दुसरा सल्ला हवाय. आल्यापासून त्यांना ती १९८८ ची कॅसेट ऐकायची आहे. प्लेअर सुरू होतो, पण आवाज लोळतो, गाणं मध्येच मंद होतं. दुरुस्त करणारं कुणी आहे का बेळगावात?

भोंगा_ते_लाइनॲरे (निपाणी)

आतला रबरी पट्टा सैल झालाय. कॅसेट सध्या घालू नका, फीत गुंडाळेल. पट्ट्याचा घेर मोजून कळवा, माझ्याकडे जुने दोन-तीन आहेत. पुलीवर चिकट काळं काही असेल तर स्पिरिटनं पुसून घ्या. रविवारी बेळगावला येणार आहे, घेऊन येतो.