प्रति: सिगारेट न ओढताही आकडा जास्त?

तुमच्या बहिणीने कधी सिगारेटला हात लावला नाही, तरी इंग्लंडमधल्या गरोदरपणाच्या तपासणीत फुंकायच्या यंत्राने श्वासात कार्बन मोनॉक्साइड (सिगारेटच्या धुरातला विषारी वायू) 11 पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत 11, दाखवला आणि तिच्यावरच संशय घेतला, हे वाचून फार वाईट वाटलं. तिला दूध पचतं का? न पचलेल्या लॅक्टोजपासून (दुधातली साखर) आतड्यात हायड्रोजन तयार होतो, तो श्वासात उतरतो आणि यंत्रातला सेन्सर त्यालाही कार्बन मोनॉक्साइड समजून बसतो. तिथे 4 पीपीएमलाच सिगारेट सोडवणाऱ्या सेवेकडे पाठवतात, म्हणजे थोडा हायड्रोजनही पुरतो.

पण दुधावर खापर फोडून थांबू नका. घरचा गॅस बॉयलर (पाणी आणि घर तापवणारं यंत्र) आधी तपासून घ्या, बिघडला तर त्यातूनही कार्बन मोनॉक्साइड गळतो. हा वायू मोकळ्या हवेत चार-सहा तासांत रक्तातून निम्मा होतो. म्हणून रात्रीची गळती दुपारच्या फुंकरीत नजरेतून सुटू शकते. शंका राहिलीच तर रक्तातलं कार्बोक्सीहिमोग्लोबिन (कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं हिमोग्लोबिन) मोजायला सांगा.