टीबी बरा झालाय, पण खोकला आणि रक्त परत सुरू, बेडका निगेटिव्ह. बुरशी असेल का?

करवीर_आरोग्यसेवक
करवीर तालुक्यातल्या एका गुऱ्हाळावर चुलवाणात चिपाड (रस काढलेल्या उसाचा चोथा) घालणारे गृहस्थ, वय ५४. २०१९ मध्ये टीबीचा ६ महिन्यांचा कोर्स पूर्ण केलेला. गेले ४ महिने खोकला, वजन ६ किलोनं उतरलंय, बेडक्यात दोनदा रक्ताचे धागे दिसले. सीबीनॅट (बेडक्यात टीबीचे जंतू शोधणारी तपासणी) दोन्ही वेळा निगेटिव्ह. एक्स-रेत डावीकडे वरच्या भागात जुनी पोकळी आणि तिच्यात गोळ्यासारखी सावली. मधुमेह नाही. घरच्यांचा आग्रह आहे की टीबी उलटलाय, त्याच गोळ्या परत द्या. कोणत्या तपासण्या कोणत्या क्रमानं कराव्यात? आणि चिपाडाच्या धुळीचा यात कितपत हात असेल?

छातीविकार_कोल्हापूर
टीबीच्या गोळ्या अंदाजानं अजिबात सुरू करू नका. हा टीबी नसून बुरशी निघाली तर त्यातलं रिफाम्पिसिन बुरशीच्या औषधाची रक्तातली पातळी जवळपास पुसून टाकतं, आणि ते बंद केल्यावरही हा परिणाम साधारण दोन आठवडे टिकतो.

तुम्ही लिहिलंय ते चित्र क्रॉनिक पल्मनरी ॲस्परजिलोसिसचं, म्हणजे ॲस्परजिलस बुरशीमुळे फुफ्फुसाला होणाऱ्या जुनाट आजाराचं वाटतं. टीबीनं पाडलेली पोकळी नेहमीच भरून येते असं नाही. श्वासातून गेलेले ॲस्परजिलस बुरशीचे बीजाणू जेमतेम २ ते ३ मायक्रॉनचे असतात, ते थेट खोलवर पोचतात आणि अशा पोकळीत मुक्काम ठोकतात. तीन महिन्यांहून जास्त लक्षणं, सीटीवर तसं चित्र, बुरशीचा पुरावा आणि दुसरं कारण नसल्याची खात्री, या चार गोष्टी जुळल्या की निदान पक्कं होतं.

सगळ्यात महत्त्वाची तपासणी म्हणजे रक्तातली ॲस्परजिलस आयजीजी, म्हणजे या बुरशीविरुद्ध शरीरानं बनवलेली प्रतिपिंडं. चिठ्ठीवर 'आयजीजी' ठळक लिहा, कारण लॅबवाले बऱ्याचदा आयजीई करून मोकळे होतात. आयजीई ही दम्याच्या पेशंटमधल्या बुरशीच्या ॲलर्जीची तपासणी, इथं तिच्यावर विसंबता येत नाही. गॅलॅक्टोमॅनन (बुरशीच्या भिंतीतला घटक) रक्तातून तपासण्यातही या आजारात फार अर्थ नाही.

सोबत सीटी करा. पोकळीची भिंत जाड झालीय का, शेजारचं फुफ्फुसाचं आवरण जाड झालंय का, गोळ्याभोवती हवेची चंद्रकोर दिसते का, ते बघायला सांगा. पेशंटला पालथं झोपवून परत सीटी घेतला आणि गोळा जागचा हलला, तर ती बुरशीच असण्याची शक्यता खूप वाढते. हलला नाही तर कॅन्सरचा विचार सोडू नका, विशेषतः विडी ओढत असतील तर.

सकाळचा बेडका टीबीच्या लिक्विड कल्चरला (द्रवात जंतू वाढवून बघण्याच्या तपासणीला) पाठवा आणि बुरशीच्या कल्चरची वेगळी मागणी करा. टीबीच्या कल्चरमध्ये बुरशी वाढू नये अशीच प्रक्रिया केलेली असते. बुरशीचं कल्चर निगेटिव्ह आलं म्हणून आजार नाही असं मात्र धरू नका.

औषधनोंद
इट्राकोनाझोल हे बुरशीचं औषध ठरलं तर मात्रा साधारण २०० मिग्रॅ दिवसातून दोनदा, किमान ६ महिने. चंदीगडच्या पीजीआय या वैद्यकीय संस्थेतल्या अभ्यासात १२ महिने घेतलेल्यांमध्ये आजार उलटण्याचं प्रमाण बरंच कमी निघालं, त्यामुळे सहाव्या महिन्यात बरं वाटलं म्हणून पेशंटनं परस्पर थांबू नये.

हे औषध फसतं ते बहुतेक वेळा पोटात. साधी कॅप्सूल पोटभर जेवणानंतरच घ्यायची, कारण तिला विरघळायला आम्ल लागतं. चहा-बिस्किटावर घेतली तर निम्मं वाया. ॲसिडिटीसाठी पँटोप्राझोल किंवा ओमेप्राझोल चालू असेल तर पातळी पडते, म्हणून डॉक्टरांना सांगून ते थांबवता येतंय का बघा. 'सुबा' म्हणून मिळणारी कॅप्सूल जास्त शोषली जाते, म्हणून साधीच्या जागी मिग्रॅला मिग्रॅ धरून बदलू नका. दर महिन्याला कंपनीही बदलू नका, आतले दाणे सारख्या दर्जाचे नसतात. दोन आठवड्यांनी, पुढचा डोस घेण्याआधी, रक्तातली पातळी तपासता आली तर उत्तम.

सुरुवातीला आणि नंतर अधूनमधून लिव्हरची तपासणी, पोटॅशियम, बीपी. पाय सुजले किंवा चढताना धाप वाढली तर लगेच कळवायचं, हे औषध हृदयावर ताण आणू शकतं. कोलेस्टेरॉलसाठी सिमव्हास्टॅटिन असेल तर ते बंदच करावं लागतं. बुडेसोनाइड किंवा फ्लुटिकासोन या स्टेरॉइडचा श्वासातून ओढायचा पंप चालू असेल तर आधी सांगा, दोन्ही एकत्र गेल्यानं शरीरात स्टेरॉइड साठून चेहरा सुजतो.

करवीर_आरोग्यसेवक
खूप उपयोग झाला. रक्त जास्त आलं तर घरच्यांना काय सांगू?

छातीविकार_कोल्हापूर
रक्ताचे धागे दिसले तर ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड हे रक्त थांबवायचं औषध डॉक्टरांच्या सल्ल्यानं चालतं. पण कपभर किंवा सतत येत असेल तर वाट बघायची नाही, १०८ बोलवा. वाटेत त्यांना डाव्या कुशीवर ठेवा. रक्त डावीकडून येतंय, ते चांगल्या उजव्या फुफ्फुसात उतरू नये म्हणून. माणूस इथं रक्त जाण्यापेक्षा श्वासनलिकेत रक्त भरून गुदमरण्यानं दगावतो. मोठ्या रुग्णालयात रक्तवाहिनीत नळी घालून ती बंद करतात, त्याला एम्बोलायझेशन म्हणतात; थांबतं, पण परत येऊ शकतं. आजार एकाच पोकळीपुरता असेल आणि श्वासाची ताकद पुरेशी असेल तर तो भाग काढण्याची शस्त्रक्रिया हा पक्का उपाय, म्हणून सीटी घेऊन कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयाच्या छातीविकार विभागात आताच दाखवा.

आणखी एक. खोकला थांबत नाही म्हणून कुणी नुसतं स्टेरॉइड देऊ नये. बुरशीच्या औषधाशिवाय दिलं तर आजार भराभर पसरतो.

उसाची_धूळ
चिपाडाबद्दल. ॲस्परजिलस फ्युमिगॅटस ५० अंशांची उष्णता सहज सोसते, त्यामुळे ओलं चिपाड ढीग लावून तापलं की तिथं ती फोफावते. पावसात भिजलेला जुना ढीग उपसणं सगळ्यात वाईट. त्याच्या धुळीनं निरोगी माणसालाही चार ते आठ तासांनी ताप, कणकण, धाप लागते. तो बगॅसोसिस, त्याचं कारण बुरशी नसून उष्णतेत वाढणारे जिवाणू, आणि उपाय म्हणजे धुळीपासून दूर. दोन्ही एक समजू नका.

या गृहस्थांना ढीग उपसायचं काम बंद करून दुसरं द्या. इतरांसाठी: चिपाड पसरून कडक वाळवा, ढिगाखाली फळ्या टाका, वरून ताडपत्री लावा पण बाजूनं हवा खेळती ठेवा. उपसायच्या आधी वरचा थर हलका ओला केला तर धूळ कमी उडते. तोंडाला गुंडाळलेला टॉवेल बीजाणू अडवत नाही. एन-९५ मास्क लागतो, आणि दाढी असेल तर त्याची कड चेहऱ्याला घट्ट बसत नाही.