क्लोझापिन सुरू होतंय: घरच्यांनी नेमकं कशावर लक्ष ठेवायचं?

मोकळी_खिडकी
भाऊ, वय ३१, स्किझोफ्रेनिया. आधी ओलान्झापिन, मग रिस्पेरिडोन, दोन्ही पुरेशा डोसमध्ये देऊनही आवाज ऐकू येणं थांबलं नाही. आता १२.५ मिग्रॅपासून क्लोझापिन सुरू होणार आहे. रिस्पेरिडोनबरोबरची ट्रायहेक्सिफेनिडिल (हातापायांच्या ताठरपणावरची गोळी) अजून चालू आहे. सिगारेटी रोज दहा-बारा. दर आठवड्याला रक्त तपासायचं एवढं कळलं. पण रिपोर्टमध्ये कोणता आकडा बघायचा? डोस चुकला तर काय? आणि रक्ताशिवाय आणखी कशाची भीती आहे?

रातपाळी
हिमोग्लोबिन नव्हे, न्यूट्रोफिल्स (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) बघा, आणि तेही टक्क्यांत नाही, प्रत्यक्ष संख्येत. रिपोर्टवर ती नसेल तर एकूण पांढऱ्या पेशींना न्यूट्रोफिल्सच्या टक्क्यांनी गुणून १०० ने भागा. पेशी ५२०० आणि न्यूट्रोफिल्स ५८ टक्के असतील, तर ३०१६. नियम देशागणिक थोडे वेगळे आहेत, पण १५०० च्या खाली आकडा गेला की पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचं. १९७५ मध्ये फिनलंडमध्ये या पेशी कोसळून रुग्ण दगावले, तेव्हापासून ही तपासणी आली. पहिल्या १८ आठवड्यांत धोका सर्वांत जास्त, म्हणून तोवर दर आठवड्याला. नंतर अंतर वाढतं, पण तपासणी बंद होत नाही.

एखादा डोस राहिला तर पुढच्या वेळी दुप्पट देऊ नका. शेवटच्या गोळीला ४८ तास उलटले असतील तर मात्र जुना डोस घरच्या घरी सुरू करायचा नाही. पुन्हा १२.५ पासून चढावं लागतं, कारण रक्तदाब उतरण्याची आणि गुंगीची शरीराला झालेली सवय तेवढ्यात मोडते. एकदम ३०० मिग्रॅ दिले तर माणूस कोसळू शकतो. शेवटची गोळी कधी घेतली हे लिहून ठेवा, फोनवर डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारतील.

खलबत्ता
सिगारेटींचा उल्लेख केलात ते बरं झालं. धुरातल्या घटकांमुळे यकृतातलं एक एन्झाइम जोरात चालतं आणि क्लोझापिन लवकर संपतं. हा परिणाम धुराचा, निकोटिनचा नाही. त्यामुळे सिगारेट सोडून निकोटिनचे पॅच लावले तरी आठवड्याभरात रक्तातली पातळी बरीच चढते: अतिगुंगी, लाळ, तोल जाणं, कधी झटके. सिगारेट जरूर सोडावी, पण आधी सांगून, म्हणजे डोस कमी करता येतो. दुसऱ्या कारणासाठी रुग्णालयात दाखल झाल्यावर सिगारेट आपोआप बंद होते, तिथे हे हमखास विसरलं जातं.

सिप्रोफ्लॉक्सासिन आणि फ्लुवोक्सामिननेही पातळी वाढते. कार्बामाझेपिन तर सोबत नकोच, तेही पांढऱ्या पेशी घटवू शकतं. चहा-कॉफीचं प्रमाण अचानक फार बदलू नका.

सावकाश_चाल
वरचं सगळं बरोबर, पण रक्ताच्या नादात आतड्यांकडे दुर्लक्ष होतं आणि माझ्या मते घरच्यांनी रोज विचारायचा प्रश्न तोच: शौचाला झालं का? क्लोझापिनने आतड्यांची हालचाल मंदावते, प्रसंगी ठप्प होते, आणि त्यातून मृत्यू झालेले आहेत. ट्रायहेक्सिफेनिडिल त्यात भरच घालते. क्लोझापिनवर हातापायांचा ताठरपणा सहसा कमी असल्याने तिची गरज उरते का हे डॉक्टरांना विचाराच (मनाने बंद मात्र करू नका, ती हळूहळू उतरवतात). रेचक पहिल्या दिवसापासूनच लिहून मागा. इसबगोल इथे चालत नाही: आतडं ढकलतच नसेल तर फुगलेला चोथा तिथेच अडकतो. सेन्नासारखं हालचाल वाढवणारं रेचक लागतं. तीन दिवस शौच नाही, तर त्याच दिवशी फोन. पोट फुगून दुखतंय, उलट्या होताहेत, तर थेट तातडीच्या विभागात.

मोकळी_खिडकी
आणि साधा ताप आला तर? पॅरासिटामॉल देऊन एक दिवस बघितलं तर चालेल का?

रातपाळी
पॅरासिटामॉल देता येईल, थांबता येणार नाही. ३८ अंश सेल्सिअस किंवा जास्त ताप, घसा दुखणं, तोंडात फोड: त्याच दिवशी रक्त तपासायचं. पहिल्या चार ते आठ आठवड्यांत दुसरी शंका हृदयाच्या स्नायूच्या सुजेची. छातीत दुखणं, धाप, बसल्या जागी १२० च्या वर नाडी असेल तर ईसीजी, ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला झालेली इजा दाखवणारी रक्ततपासणी) आणि सीआरपी (शरीरातली सूज दाखवणारी रक्ततपासणी) लगेच. नुसती थोडी वाढलेली नाडी सुरुवातीला बऱ्याच जणांत दिसते, म्हणून सुरू करण्याआधीची नाडी लिहून ठेवा, तुलनेला आकडा हवा. तापाबरोबर अंग लाकडासारखं ताठ, घाम आणि भ्रम असेल तर पुढची गोळी न देता तडक रुग्णालय.

खलबत्ता
जंतुसंसर्गात रक्तातली क्लोझापिनची पातळी आपोआपही वाढते. ताप असताना भाऊ नेहमीपेक्षा जास्त झोपाळू वाटला तर ते अशक्तपणावर ढकलू नका, पातळी तपासायला सांगा. नमुना शेवटच्या डोसनंतर साधारण १२ तासांनी, सकाळची गोळी देण्याआधी.