अनुभव धागा: मुलाखतीचे कपडे, मापं आणि कारणांसकट

पहिल्या मुलाखतीला निघालेल्या मुलामुलींना "साधे, नीटनेटके कपडे घाला" एवढंच सांगितलं जातं. पण नीटनेटके म्हणजे कुठलं कापड, किती इंच, आदल्या दिवशी काय करायचं? शिवणारे, इस्त्री करणारे, साडी नेसवणारे, मुलाखती घेणारे, सगळ्यांनी आपापल्या कामातलं नेमकं लिहा. फजितीचे किस्से इथे नकोत.

शिलाईकाम

पूर्ण बाहीच्या शर्टाला 58 इंच पन्न्याचं (रुंदीचं) कापड 1.60 मीटर लागतं, 36 पन्न्याचं साधारण सव्वादोन मीटर. पॅन्टला 58 पन्न्यात 1.20 ते 1.30. सुती कापड शिवायला टाकण्याआधी पाण्यात भिजवून सावलीत वाळवा. न भिजवता शिवलं तर पहिल्या धुण्यात 15 इंची कॉलर सहज अर्धा इंच आटते आणि वरचं बटण गळ्याला काचतं. बटण लावल्यावर कॉलरमध्ये दोन बोटं जायला हवीत.

तयार शर्ट घेताना आधी खांदा बघा. शिवण खांद्याच्या हाडावर बसली पाहिजे. कंबर आणि लांबी कुणीही दुरुस्त करून देईल, पण खांद्यासाठी बाही उसवावी लागते आणि ती क्वचितच मुळासारखी बसते. पॅन्टच्या मागच्या शिवणीत साधारण एक-दीड इंचाची माया (शिवणीत आत सोडलेलं जादा कापड) असेल तर कंबर तेवढी सैल होते. आत घेताना दोन इंचांच्या पुढे जाऊ नका, मागचे दोन्ही खिसे एकमेकांना चिकटल्यासारखे दिसतात. लांबीचं माप मुलाखतीचेच बूट घालून द्या. पुढून बुटावर एक हलकी दुमड पडली की पुरे.

एक गोष्ट हमखास राहते: माप उभ्याने घेतलं जातं आणि मुलाखत बसून होते. खुर्चीत दहा मिनिटं बसून बघा. पोटावरची बटणं ताणली जाऊन मध्ये फट पडते का? मांडीवर पॅन्ट ओढली जाते का? तसं असेल तर सैल करून घ्या. श्वास रोखून बसलेल्या माणसाला बोलणं जड जातं.

कोट घालणाऱ्यांसाठी

नव्या कोटाच्या मागच्या चिरेवर फुलीसारखे टाके असतात आणि बाहीवर कंपनीची पट्टी. दोन्ही काढायची असतात. बाहीखालून शर्टाचा कफ अर्धा इंच दिसावा. खालचं बटण कायम उघडं, बसताना वरचंही सोडायचं. टायचं टोक पट्ट्याच्या बकलापाशी यावं.

इस्त्री

सुती शर्ट पूर्ण कोरडा झाला की सुरकुती हटत नाही. पाणी शिंपडून, गुंडाळून पंधरा मिनिटं ठेवा, मग इस्त्री फिरवा. आधी कॉलर, तीही टोकांकडून मध्याकडे. उलट नेलं तर टोकाशी चुणी जमते. मग खांद्याची पट्टी, कफ, बाह्या आणि शेवटी पुढचे भाग व पाठ. काळ्या किंवा नेव्ही पॅन्टवर सुलट बाजूने थेट इस्त्री नको, तंतू दबून चकाकी येते आणि ती सहसा जात नाही. वर ओलसर सुती फडकं ठेवा. इस्त्री झाल्या झाल्या अंगात घालू नका, गरम कापड लगेच चुरगळतं.

कपाटात डांबरगोळ्या असतील तर कपडे दोन दिवस सावलीत वाऱ्यावर टांगा. बंद खोलीत तो वास फार जाणवतो.

साडी

मुलाखतीसाठी सुती किंवा कॉटन-सिल्क, बारीक काठाची. नारायणपेठ किंवा मंगलगिरी छान बसते. कडक खळ नको, कारण बसून उठलं की पुढचा भाग फुगलेलाच राहतो. फॉल लावण्याआधी भिजवून वाळवा, नाहीतर धुतल्यावर फॉल आटतो आणि काठाला चुण्या पडतात.

आधी चप्पल किंवा बूट घाला, मग साडी नेसा. उलटं केलं तर साडी वर राहून घोटा दिसतो. परकर नाडीचा आणि सुती. सॅटिनवरून निऱ्या घसरतात. निऱ्या चार बोटं रुंद, पाच ते सात. पिना दोनच पुरतात, खांद्यावर एक आणि निऱ्यांना आतून एक. पिनेच्या वेटोळ्यात धागा अडकून साडी फाटते, म्हणून पीन आधी एका मण्यातून ओवून घ्या. नवी साडी नकोच. दोन-तीनदा नेसलेली अंगाला सवयीची असते.

मुलाखत घेणाऱ्या बाजूने

यूपीएससीच्या नागरी सेवा परीक्षेची मुलाखत 275 गुणांची, दिल्लीत शाहजहान रोडवरच्या धोलपूर हाऊसमध्ये. कपड्यांना त्यात वेगळे गुण नाहीत. तरी आपली मुलं उसने पैसे काढून लोकरी सूट शिवतात, याचं वाईट वाटतं. जानेवारीत कोट उपयोगी, एप्रिलमध्ये तोच घाम काढतो. फिकट शर्ट, गडद पॅन्ट, काळे बूट पुरेसे आहेत.

एमआयडीसी, शॉप फ्लोअर

चाकण-रांजणगावकडे आयटीआय आणि डिप्लोमाच्या मुलांना बऱ्याचदा मशीनपाशी नेतात किंवा प्रात्यक्षिक करायला लावतात. अंगठी, कडं, गळ्यातली साखळी घरी ठेवा. ओढणी दोन्ही बाजूंनी पीन करा, केस बांधा. वेल्डरच्या चाचणीला पूर्ण सुती कपडे घाला, पॉलिस्टर मिसळलेल्या टेरिकॉटवर ठिणगी पडली की ते वितळून कातडीला चिकटतं. पॅन्टची मोहरी (पायाची खालची कड) दुमडू नका, ठिणग्या दुमडीत साठतात.

बूट

माळ्यावर चार-पाच वर्षं पडलेले बूट वरून नवे दिसतात, पण दमट हवेत पीयूचा (पॉलियुरेथेनचा) तळ आतून कुजतो आणि चालताना तुकडे पडतात. आठवडाभर आधी घालून दोन किलोमीटर चाला. तळ गेला असेल तर दुरुस्तीवाला नवा बसवून देतो. मोजे पॅन्टच्या रंगाचे, अर्ध्या पोटरीपर्यंत.

ऑनलाइन मुलाखत

बारीक रेघांचा शर्ट कॅमेऱ्यात थरथरल्यासारखा दिसतो. पांढऱ्याशुभ्र शर्टाने चेहरा काळवंडतो. फिकट निळा बरा. बांगड्या टेबलावर आपटल्या की माइक तेवढाच आवाज मोठा करतो.

प्रश्न: पांढरा शर्ट एकच आहे, काखेत आणि कॉलरला पिवळे डाग. परवा मुलाखत आहे.

इस्त्रीवाले: क्लोरीनचं ब्लीच वापरू नका, घामाचा डाग त्याने आणखी पिवळा होतो. भांड्यांचं पातळ साबण लावून मऊ ब्रशने घासा, अर्धा तास ठेवा, कोमट पाण्यात धुऊन उन्हात वाळवा. डाग उरला तर पुन्हा तेच करा. पूर्ण गेल्याशिवाय इस्त्री फिरवू नका, उष्णतेने तो पक्का बसतो. आज रात्रीच सुरुवात करा.