नगरातलं पद हातात असताना दुसरी निवडणूक : राजीनामा कधी, कोणाकडे? (अमेरिका)

नोंदवही
समजा फ्लोरिडातले एक निवडून आलेले सिटी कमिशनर (आपल्याकडच्या नगरसेवकासारखं पद) 2026 मध्ये काउंटी कमिशनसाठी (काउंटी म्हणजे जिल्ह्यासारखा विभाग, कमिशन म्हणजे त्याचं निवडून आलेलं मंडळ) उभे राहताहेत. शहरातली त्यांची मुदत 2028 पर्यंत आहे. 'रिझाइन टू रन' नियमानुसार आधी राजीनामा द्यावा लागतो, एवढं कळलं. तो लगेच लागू होतो का? हरल्यास मागे घेता येतो का?

तरतूद
मागे घेता येत नाही. फ्लोरिडाच्या कायद्यातल्या कलम 99.012 प्रमाणे एकदा दिला की दिला. हरले तरी जुनी जागा गेली.

लगेच लागू व्हायलाच हवा असं मात्र नाही. गडबड होते ती इथेच, कारण तारखा दोन आहेत. पत्र द्यायचं ते नव्या पदाचे अर्ज घ्यायला सुरुवात होण्याच्या किमान 10 दिवस आधी. 2026 मध्ये काउंटीचे अर्ज 8 जूनपासून, म्हणजे पत्र 29 मेपर्यंत. राजीनामा अमलात येण्याची तारीख वेगळी: जिंकल्यास नवं पद स्वीकारायचा दिवस किंवा जुन्या जागेवर नवा माणूस बसायचा दिवस, यातला जो आधी येईल त्याच्यापुढे ती जाऊ शकत नाही. काउंटी कमिशनर सार्वत्रिक निवडणुकीनंतरच्या दुसऱ्या मंगळवारी पदभार घेतात. मतदान 3 नोव्हेंबरला, म्हणजे 17 नोव्हेंबर. पत्रात तारीख स्वच्छ लिहा, मोघम पत्रातून वाद निघतात.

पत्र द्यायचं ते सध्याच्या पदाचा अर्ज ज्या अधिकाऱ्याकडे भरला होता त्याच्याकडे. शहरात बहुधा सिटी क्लार्क. प्रती गव्हर्नर आणि राज्याच्या डिपार्टमेंट ऑफ स्टेटला. नवा अर्ज घेणाऱ्या काउंटीच्या निवडणूक कार्यालयात पत्र टाकून निर्धास्त राहू नका.

सनद_वाचक
एक भर. दोन्ही पदांच्या मुदती एकमेकींवर येतच नसतील तर राजीनामा लागत नाही. बिनपगारी नेमणुकीच्या मंडळांवरचे सदस्यही सुटतात.

चुकल्याचा फटका पदागणिक बदलतो. राज्यातलं किंवा स्थानिक पद असेल तर न्यायालयाच्या अंतिम आदेशाने उमेदवारीच जाते, मतपत्रिकेवर नाव येत नाही. काँग्रेससाठी (अमेरिकेची संसद) अर्ज भरला आणि राजीनामा दिला नाही, तर हातातलं पद त्याच क्षणी आपोआप गेलं. केंद्रीय पदं 2018 मध्ये या नियमात परत आली. 2023 मध्ये राष्ट्राध्यक्ष आणि उपराष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारांना सूट मिळाली.

नोंदवही
धन्यवाद, तारखांचा गुंता सुटला. टेक्सासमध्येही असंच पत्र द्यावं लागतं का?

काउंटी_कट्टा
नाही, आणि म्हणूनच टेक्सास जास्त धोक्याचं. तिथे तोंडून गेलेला शब्द पुरतो. काउंटी जज, कमिशनर, शेरीफ, कॉन्स्टेबल वगैरे निवडून आलेल्या काउंटी अधिकाऱ्यांची 1 वर्ष 30 दिवसांहून अधिक मुदत शिल्लक असताना त्यांनी दुसऱ्या पदासाठी उमेदवारी जाहीर केली, की टेक्सासच्या घटनेच्या अनुच्छेद 16, कलम 65 नुसार तोच राजीनामा. दोन वर्षांहून मोठी मुदत असलेल्या शहरी पदांना अनुच्छेद 11, कलम 11 लागू होतं. ती रिकामी जागा 120 दिवसांत निवडणुकीने भरावी लागते.

'विचार चाललाय' म्हणणं चालतं. 'मी लढणार' असं सभेत बिनशर्त म्हटलं की संपलं. प्रचाराचा खजिनदार नेमल्याचा फॉर्म भरणं ही घोषणा धरत नाहीत, हे निवडणूक कायद्यातच लिहिलंय. आणि राजीनामा झाला म्हणून दुसऱ्या दिवशी कार्यालय सोडायचं नाही: पुढचा माणूस येईपर्यंत काम सांभाळावं लागतं.

हे सगळं घटनाबाह्य आहे असं म्हणत कोर्टात जायचा विचार असेल, तर 'क्लेमेंट्स विरुद्ध फॅशिंग' (1982) वाचा. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने टेक्सासच्या तरतुदी टिकवल्या.

तरतूद
जॉर्जियातही पत्राची वाट पाहत नाहीत. नव्या पदाची मुदत जुनी संपण्याच्या 30 दिवसांहून आधी सुरू होत असेल, तर अर्ज भरताच जुनं पद रिकामं. ॲरिझोनात मुदतीच्या शेवटच्या वर्षात मोकळीक आहे.

माझ्या मते नियम योग्यच आहे, शहराच्या पगारावर दुसऱ्या पदाचा प्रचार होऊ नये. पेनसिल्व्हेनियातल्या फिलाडेल्फिया शहरातही असा नियम होता; तिथल्या मतदारांनीही 2007 आणि 2014 मध्ये तो काढायचा प्रस्ताव फेटाळला.

सनद_वाचक
पण त्याची किंमतही बघा. महापौरपदासाठी तिथल्या नगरसेवकांनी 2022 मध्येच एकामागोमाग राजीनामे दिले. त्यातल्या शेरेल पार्कर जिंकल्या आणि जानेवारी 2024 मध्ये महापौर झाल्या. बाकीच्यांचं नगरसेवकपद केव्हाच गेलं होतं.