टँकरचा आवाज आला की हात गोठतात. विलपॉवर कमी पडतीये का?

धायरी_ते_डेक्कन

नमस्कार मंडळी, लांबलचक आहे, सांभाळून घ्या. मार्चमध्ये सिंहगड रोडला माझी गाडी खडीवरून घसरली (हेल्मेट होतं, त्यावरून इथे सुरू होऊ नका प्लीज). मनगटाला प्लास्टर, डोक्याला मुका मार, सीटी स्कॅन नॉर्मल. गंमत अशी की मेडिकलमधून औषधं घेतली, डिकीत टाकली, स्टार्टर मारला इथपर्यंत लख्ख आठवतंय आणि त्यानंतर एकदम मी फुटपाथवर बसलीये आणि एक मावशी माझ्या तोंडावर पाणी मारतायत. मधलं कोरं. मेडिकलवाले दादा नंतर म्हणाले की शेजारून पाण्याचा टँकर चालला होता, त्याने कचकन एअरब्रेक मारला, तुम्ही दचकलात आणि पुढचा ब्रेक दाबलात.

मे महिन्यात प्लास्टर निघालं. मग शाळेच्या मैदानावर नवऱ्याला मागे बसवून तीन आठवडे रोज सकाळी गाडी चालवली, एकदम झक्कास, मी म्हणलं सुटलो. मग दहा दिवस माहेरी कोल्हापूरला जाऊन आले आणि आल्यावर पहिल्याच दिवशी वडगावच्या पुलापाशी एक टँकर शेजारी येऊन 'फिस्स्स' करून थांबला. झालं. हात असे गोठले की ॲक्सिलरेटर पिळताही येईना आणि सोडताही येईना, मागून हॉर्नवर हॉर्न, शेवटी उतरून गाडी ढकलत कडेला घेतली आणि तिथेच रडले. तेव्हापासून बसने जातीये.

घरी सगळ्यांचं एकच, मन घट्ट कर, मनावर ताबा पाहिजे. मला तीन गोष्टी कळत नाहीयेत. जे मला आठवतच नाही त्याला मी घाबरतीये कशी? तीन आठवडे केलेलं सगळं पाण्यात गेलं का? आणि हा खरंच विलपॉवरचा प्रश्न आहे का?

सदाशिव_७१

ताई, राग मानू नका, पण हल्ली सहनशक्तीच कमी झाली आहे. आम्ही घोड्यावरून पडलो तरी परत बसायचो (सायकलवरून म्हणायचंय). आत्मसंयम हा लहानपणीच लागतो. अमेरिकेत मुलांपुढे एक मिठाई ठेवून 'थांबलास तर दोन देतो' असा प्रयोग झाला होता, जी मुलं थांबली ती पुढे आयुष्यात यशस्वी झाली. नातवंडांना मी हेच सांगतो. रोज सकाळी दहा मिनिटं मन एकाग्र करा, फरक पडेल.

उंदीरमामा

ताई, मी बरीच वर्षं लॅबमध्ये उंदरांच्या भीतीवर काम केलंय म्हणून हे नाव, तर पहिल्या प्रश्नाचं सांगतो. स्मृती म्हणजे एकच एक कपाट नसतं. १९११ साली जिनिव्हात क्लापारेद नावाच्या डॉक्टरने एक उद्योग केला, त्याची एक पेशंट होती जिला नवीन काही म्हणजे काहीच लक्षात राहायचं नाही, डॉक्टर रोज नव्याने ओळख करून द्यायचा. एक दिवस त्याने बोटांत टाचणी लपवून तिच्याशी हात मिळवला. नंतर परत हात पुढे केला तर बाईने झटकन आपला हात मागे घेतला. टाचणी आठवते का, तर नाही. हात का देत नाही, तर त्याचंही नीट उत्तर नाही. आता असला प्रयोग करायला कुठलीच एथिक्स कमिटी परवानगी देणार नाही, पण मुद्दा पक्का होता.

घटना म्हणून आठवायला हिप्पोकॅम्पस हा मेंदूतला भाग लागतो. हेन्री मोलेसन नावाच्या माणसाचा तो १९५३ मध्ये फिट्सच्या ऑपरेशनमध्ये दोन्ही बाजूंनी बराचसा काढून टाकला गेला, त्यानंतर २००८ मध्ये जाईपर्यंत त्याच्या नव्या आठवणी टिकल्याच नाहीत. पण आरशात बघून चांदणी गिरवायला दिली तर रोज त्याचा हात सुधारत गेला, आणि तो मात्र रोज म्हणायचा की हे मी पहिल्यांदाच करतोय. 'आवाज आला, धोका आला' ही जोडी बांधायला मात्र अमिग्डला लागतो, तो मेंदूतलाच दुसरा भाग, बदामाएवढा असतो. डोक्याला मार बसला की घटनेची नोंद पुसली जाऊ शकते आणि ही जोडी तरी शिल्लक राहू शकते.

फक्त पेपरात येतं तसं अमिग्डला म्हणजे भीतीचं बटण असं समजू नका. एस. एम. या नावाने ओळखली जाणारी एक बाई आहे, तिचे दोन्ही अमिग्डला आजाराने निकामी झालेत, साप हातात घेऊन खेळवते. पण तिलाही कार्बन डायऑक्साइड जास्त असलेली हवा हुंगायला दिली तर पॅनिक अटॅक आला, हे २०१३ चं काम आहे. म्हणजे भीतीला एकापेक्षा जास्त दारं आहेत.

अर्धा_चहा

@उंदीरमामा, सगळं मान्य, पण एक खोडी काढतो. टँकरचं ताईंना *नंतर* मेडिकलवाल्याने सांगितलंय. त्यांच्या मेंदूने खरंच तो आवाज नोंदवला होता हे कशावरून? भीती नुसत्या सांगण्यानेही बसते. एलिझाबेथ फेल्प्स या मेंदू-संशोधक बाईंनी २००१ मध्ये लोकांना फक्त सांगितलं की हा रंग दिसला की शॉक बसेल, शॉक एकदाही दिला नाही, तरी त्या रंगाला अमिग्डला जागा झाला. आपण लहानपणी बागुलबुवाला घाबरायचो तो कुठे भेटला होता?

उंदीरमामा

बरोबर आहे, खोडी मान्य. दोन्ही शक्य आहे आणि बाहेरून सांगता येणार नाही. उपाय तसाही तोच राहतो.

अर्धा_चहा

आणि सदाशिवकाका, तुमच्या मिठाईचं. तो वॉल्टर मिशेल या मानसशास्त्रज्ञाचा प्रयोग, स्टॅनफर्डच्या बालवाडीतला. पण तिथली मुलं बऱ्यापैकी एकाच थरातली होती. २०१८ मध्ये वॉट्स आणि मंडळींनी नऊशेच्या वर मुलांचा डेटा घेऊन परत बघितलं, त्यात बरीच मुलं कमी शिकलेल्या आयांची होती. तर थांबण्याचा आणि पुढच्या मार्कांचा संबंध निघाला, पण आधीच्या मानाने निम्माच, आणि घरची परिस्थिती, आधीची हुशारी वगैरे हिशोबात धरल्यावर अजून बराच आटला. ज्या घरात ठेवलेला लाडू संध्याकाळी शिल्लक असेल याची खात्री नाही तिथलं पोर आत्ताच खाणार, त्यात कसला आत्मसंयम काढताय.

आणि गंमत म्हणजे जी मुलं थांबली ती काही दात-ओठ खाऊन थांबली नव्हती. कोणी गाणं म्हणत होतं, कोणी डोळे झाकून घेत होतं, आणि मिठाई नुसती झाकून ठेवली तरी मुलं जास्त वेळ थांबायची, हे मिशेलनेच दाखवलंय. म्हणजे जोर लावणं कमी आणि शिताफी जास्त. विलपॉवर बॅटरीसारखी संपते हे जे आपण ऐकतो, त्याचीही २०१६ मध्ये २३ लॅबनी मिळून दोन हजारांवर लोकांवर तपासणी केली, परिणाम जवळपास शून्य आला.

सदाशिव_७१

माझे विधान 'कमी झाले' असे घ्यावे, 'खोडले गेले' असे नव्हे. संबंध निघालाच आहे असे आपणच म्हणता.

कर्वेनगरची_मावशी

काका 😄

ताई, मी समुपदेशन करते, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला हात घालते कारण तिथेच सगळं अडलंय. तीन आठवडे पाण्यात गेलेले नाहीत. पाव्हलॉव्हच्या कुत्र्यांनाही हेच झालं होतं. आवाज केला की खाणं, मग नुसताच आवाज, खाणं नाही, असं करत करत लाळ गळायची थांबली. मग काही काळ प्रयोग थांबवून परत तोच आवाज केला तर लाळ परत हजर. म्हणजे जुनं शिकलेलं पुसलं गेलं नव्हतं, त्याच्यावर नवीन शिकलेलं बसलं होतं, आणि थोड्या खंडाने जुनं परत वर आलं. तुमचा कोल्हापूरचा दहा दिवसांचा खंड तोच.

आणि हे नवीन शिकलेलं जागेला फार धरून असतं. मार्क बूटनने उंदरांवर यात वर्षानुवर्षं काम केलंय, एका पिंजऱ्यात भीती घालवली तरी दुसऱ्या पिंजऱ्यात नेलं की परत येते. तुमच्या मेंदूला काय शिकवलंत तुम्ही? शाळेच्या मैदानावर, सकाळी, नवरा मागे असताना, टँकर नसताना गाडी सेफ आहे. ते तो बरोब्बर शिकला. वडगावच्या पुलाचं त्याला कोणी सांगितलंय?

म्हणून आता गाडी बाजूला ठेवा, आधी टँकर. पायी जाऊन टँकर भरतात तिथे उभ्या राहा. मग गाडी बंद ठेवून तिच्यावर बसा. मग चालू करून. वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या ठिकाणी, कधी एकट्या कधी कोणाबरोबर. आणि निघण्याआधी मोबाईलमध्ये लिहून ठेवा की काय होईल असं वाटतंय, 'हात गोठतील, चक्कर येईल' जे असेल ते, आणि परत आल्यावर काय झालं ते खाली लिहा. मेंदू अंदाज चुकल्यावर शिकतो, त्यामुळे भीती शून्य व्हायची वाट बघत बसू नका. झोप उडाली असेल, स्वप्नं पडत असतील तर मात्र इथे न विचारता थेट कोणाला तरी भेटा.

पुणे_३०

यावर गोळी आहे ना, प्रोप्रानोलॉल. आठवण काढायची आणि गोळी घ्यायची, भीती गायब. मी व्हिडिओ बघितलाय.

उंदीरमामा

अर्धवट ऐकलंय. २००० साली नादेर, शेफ आणि लडू यांनी उंदरांवर दाखवलं की आठवण जागी केली की ती थोडा वेळ कच्ची होते आणि परत पक्की व्हायला लागते, त्या वेळात अडथळा आणला तर भीती जाते. पण ते थेट अमिग्डलामध्ये औषध टोचून. माणसांवर प्रोप्रानोलॉल वापरून ॲम्स्टरडॅमच्या मेरेल किंट यांनी २००९ मध्ये चांगला निकाल दाखवला, पण नंतर सगळ्यांना तो जमलेला नाही. आणि ते ब्लड प्रेशरचं औषध आहे, दम्याच्या माणसाला महागात पडेल. मेडिकलमधून आणून खायची वस्तू नाही ती.

धायरी_ते_डेक्कन

सगळ्यांचे आभार, बारा दिवसांनी लिहितीये. मावशींचं ऐकलं. घराजवळ टँकर भरायचा पॉइंट आहे तिथे पहिल्या दिवशी पायी गेले. लिहिलं होतं 'पळून जाईन'. पळाले नाही, पण तळहात इतके ओले झाले की मोबाईल धरता येईना. चौथ्या दिवशी गाडी लावून तिच्यावर बसले. सहाव्या दिवशी परत पहिल्यापेक्षा वाईट, घरी आले, नवऱ्याशी भांडले. काल वीस मिनिटं गाडी चालू ठेवून बसले होते, चार टँकर फिस्स करून गेले, दोनदा दचकले, हात हलत होते. पुलावर अजून गेले नाहीये. शेवटी एक ड्रायव्हर खाली उतरून आला आणि म्हणतो, मॅडम रोज येऊन बसताय, सोसायटीला पाणी पाहिजे का?

सदाशिव_७१

रेट काय म्हणाला?