कोपरात तारा घातल्यात, काढताना भूल देतात का?

रेवाची_आई: मुलगी 6 वर्षांची आहे. मागच्या रविवारी सोसायटीतल्या घसरगुंडीच्या शिडीवरून पडली, हात टेकून. कोपर बघता बघता टम्म सुजलं. एक्सरेत सुप्राकॉन्डायलर, म्हणजे दंडाचं हाड कोपराच्या जरा वर मोडलेलं, टाइप 3 आलं. रात्रीच भूल देऊन कुठेही न कापता दोन तारा घातल्या आणि मागून स्लॅब (अर्धं प्लास्टर). तारांची टोकं कातडीबाहेर वाकवून ठेवलीयत, बघवत नाही हो. साडेतीन आठवड्यांनी ओपीडीतच ओढून काढू म्हणतात, भूल न देता?? त्यात सासूबाईंचं सुरू आहे की आमच्या वेळी नुसत्या प्लास्टरवर भागायचं, आता तारा निघाल्या की हाडवैद्याकडे चोळून घेऊ. काय करू?

चिंटूचा_बाबा: ताई, आमच्या चिंटूचं मागच्या मे महिन्यात अगदी हेच. तारा पकडीने ओढल्या, एकेकीला दोन सेकंदं. तो रडला ते प्लास्टर कापायच्या मशीनच्या आवाजाला, तारा निघाल्या तेव्हा तर मला विचारत होता की घरी न्यायला देतील का. नंतर हात सरळ होईना तेव्हा मात्र माझीच झोप उडाली होती. महिना-दीड महिन्यात झाला, काही केलं नाही, जेवण, अंघोळ, खेळ सगळं त्याच हाताने.

हाडमोड्या_रेसिडेंट: ऑर्थोत शिकतोय म्हणून लिहितो. आजींना सांगा, टाइप 1 ला, म्हणजे तुकडे सरकलेले नसतात तेव्हा, आजही प्लास्टरच करतात. टाइप 3 मध्ये तुकडे पार सरकलेले असतात, नुसत्या प्लास्टरमध्ये टिकवायचे तर सुजलेलं कोपर खूप दुमडून ठेवावं लागतं आणि रक्तपुरवठा दाबला जायची भीती. शिवाय दंडाच्या हाडाची वाढ सुमारे 80 टक्के खांद्याकडून, कोपराकडून 20च, त्यामुळे इथे तिरकं जुळलं तर वाढत्या वयात सरळ होईल हा भरवसा नाही, कोपर बाहेर काढून हात वाकडा दिसत राहतो. म्हणून सी-आर्मवर (ऑपरेशन चालू असताना एक्सरे दाखवणारं मशीन) बघत हाड बसवून बाहेरूनच तारा.

आणि चोळणं अजिबात नको!! स्नायूत नको तिथे हाड धरतं, कोपर अजून आखडतं. हाताने जोर लावून सरळ करायलाही जाऊ नका.

आत्ता बोटं बघत राहा. अंगठा आणि तर्जनीचं टोक जुळवून गोल करता येतो का? येत नसेल तर नस दुखावलेली असू शकते, डॉक्टरांना दाखवा, बऱ्याचदा नस आपोआप सुधारते पण त्यांना माहीत हवं. बोटं निळी-गार पडली, किंवा औषध देऊनही दुखणं वाढत चाललं आणि बोटं सरळ करताना किंचाळली, तर सकाळची वाट बघू नका, रात्रीच न्या.

रेवाची_आई: गोल करून दाखवला, वर त्यातून माझ्याकडे बघत पण होती 😅 सासूबाईंना 80-20 चं वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या बरं, पण तेल मी आणून ठेवलंय.

चिंटूचा_बाबा: डोक्याला लावा ते.